पांढऱ्या चौकातल्या फेऱ्या

आमच्या इमारतीतल्या लोकांचं माझ्याबद्दल एकमत आहे: बाई तोंडाळ आहे. ते खरंच आहे, म्हणून मी त्यावर कधी वाद घातला नाही. नळाला पाणी आलं नाही, जिन्यात कुणी कचऱ्याची पिशवी ठेवली, की आधी मलाच हाक येते, कारण भांडायला दुसरं कुणी पुढे होत नाही. तेव्हा हे लिहितानाही मी तशीच लिहिणार. गोड बोलणं हवं असेल त्याने हीच हकीकत आमच्या समोरच्या भाभींकडून ऐकावी.

इमारत जुनी, दुमजली. रत्नागिरीच्या बाजारातून भाजीची पिशवी हातात घेऊन चालत येता येईल एवढ्या अंतरावर. मधे उघडा चौक, चारी बाजूंनी घरं, सगळ्यांची दारं चौकात उघडतात. आमचं घर तळमजल्यावर, फाटकाच्या बरोबर समोरच्या अंगाला. चौकात पहिल्यापासून जांभ्याचे चिरे बसवलेले. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं, उन्हाळ्यात ते तव्यासारखे तापतात, आणि उरलेले दिवस कुणी त्यांच्याकडे बघत नाही.

मागल्याच्या मागल्या गणपतीनंतर आमच्या ह्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला. जीभ शाबूत राहिली, हे देवाचे उपकार की माझं नशीब, ते अजून ठरायचंय. हे रस्ते आणि पूल बांधणाऱ्या खात्यात ओव्हरसियर होते. साइटवर छाती काढून, हात मागे बांधून चालायचे. मजूर लांबूनच ओळखायचे म्हणे, साहेब आले. तो माणूस आता पलंगावरून उठायला माझ्या खांद्याचा आधार मागायचा. मागायचा म्हणजे काय, तोंडाने नाहीच. नुसता खांद्याकडे बघायचा.

घरी व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपीवाली मुलगी येते. मुलगी गुणाची, पण खोटा धीर देणारी नाही. तिने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, "काकू, हे पहिले काही महिने आहेत ना, ह्यात जे परत येईल ते येईल. त्यानंतर शरीराला लंगडण्याची सवय लागते, मग ती मोडणं कठीण. काकांना रोज चालवा. घरात नाही, मोकळ्यावर. आणि अनवाणी, म्हणजे पायाला जमीन कळेल." तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. ह्यांनी चालायला हवं. बाकी जग गेलं खड्ड्यात.

आता चालायचं कधी, तर सकाळी पाय लाकडासारखा असतो, मोकळा व्हायलाच दुपार होते. संध्याकाळी चौकात पोरांचं क्रिकेट, स्कूटर आत येतात, बायका दारात बसतात. त्यामुळे दुपारची वेळ ठरली. पण हे सगळं झालं सांगायचं कारण. खरं कारण मला माहीत होतं. आपल्याकडे दुपारी जेवणं झाली की अख्खी रत्नागिरी पडी टाकते. चौकात चिटपाखरू नसतं. पाय अर्धगोल फिरवत टाकताना कुणी बघणार नाही, अशी तेवढीच वेळ. "माणसं झोपली की मी चालणार," एवढंच हे म्हणाले, आणि मी पुढे काही विचारलं नाही.

थंडीचे दिवस छान गेले. आधी एका हाताने धरायचा वॉकर, मग नुसती काठी. आमच्या दारापासून फाटकापर्यंत जायचं, फाटकाला हात लावायचा, परत यायचं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी देवापुढे नारळ ठेवला, हे ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

मग ऊन चढायला लागलं. एकदा संध्याकाळी पाय धुताना मी डावा तळवा उलटा केला आणि किंचाळलेच. टाचेपासून चवड्यापर्यंत मोठा फोड. जांभ्याने पोळलेला. आणि हे कसे, तर मान वर करून मला विचारतात, "काय झालं? कुणाला लागलं?"

त्या पायाला चटका कळतच नव्हता. उजवा पाय पोळायचा तेव्हा हे तो भरभर उचलायचे आणि सगळा भार डाव्यावर टाकायचे. डावा मुकाट भाजत राहायचा. मी त्या रात्री जेवले नाही. चप्पल घालून बघितली, ती डाव्या पायातून गळून पडते. पट्ट्याची सँडल घातली, तिचं टोक चिऱ्यांच्या फटीत अडकतं. मोजे घातले तर घसरायला होतं. फोड बरा होईपर्यंत चालणं बंद पडलं.

तेव्हा युक्ती निघाली ती ह्यांच्याच डोक्यातून. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात इमारतीच्या गच्चीला पांढरा रंग दिला होता, ऊन परत उसळवणारा. वरच्या मजल्यावरच्या खोल्या खरोखरच गार झाल्या. आमच्या सोसायटीचे चेअरमन वरच राहतात, बँकेतून निवृत्त झालेले. "आता रात्री पांघरूण घ्यावं लागतं," असं ते भेटेल त्याला सांगत सुटले होते. ह्यांनी विचार केला, गच्चीला चालतं ते चौकाला का नाही? शिल्लक राहिलेल्या डब्यातला रंग मागवून दारासमोरच्या एका चिऱ्यावर फासला. दुपारी बाहेर खुर्ची मांडून बसले, आणि कोरोनात घेतलेली ती कपाळावर रोखायची तापाची बंदूक काढून पांढऱ्या चिऱ्यावर धरली, मग शेजारच्या तांबड्यावर. आकड्यांत एवढी तफावत, की हे लहान मुलासारखे हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा मी ह्यांना तसं हसताना बघितलं, म्हणून मीही म्हटलं, वा, काय डोकं आहे!

चेअरमनना पटवायला वेळ लागला नाही. शिमगा तोंडावर आला होता. ग्रामदेवतेची पालखी दरवर्षी आमच्या चौकात नाचते, तेव्हा चौक उठून दिसेल, असं त्यांनाच सुचलं. चौक पांढराशुभ्र झाला. त्या नादात भिंतींनाही चुन्याचा हात फिरला. पालखीला आलेली माणसं म्हणाली, अरे व्वा, देवळासारखं दिसतंय.

रंग वाळल्यावर हे पहिल्यांदा बाहेर पडले, ते मी कधी विसरणार नाही. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि मोठ्याने हाक मारली, "अगो, ये बघ! गार आहे, गार!" मी चप्पल काढून उभी राहिले. खरंच, भर दुपारी पायाला चटका म्हणून नाही. सगळे झोपलेले, आणि आम्ही दोघं भर चौकात अनवाणी, वेड्यासारखे पाय आपटतोय.

दोन-चार दिवस मजेत गेले. मग हे फाटकापर्यंत न जाता मधूनच परत यायला लागले. घरात आले की डोळ्यांतून पाणी, चेहरा लालबुंद, हनुवटीखाली घामोळं. हनुवटीखाली! तिथे ऊन कधी लागतं का माणसाला? मी टोपी दिली. काही फरक नाही. काठीमुळे ह्यांना छत्री धरता येईना, म्हणून मी मागून छत्री घेऊन चालले, मिरवणुकीतल्यासारखी. तेव्हा मला कळलं काय होतंय ते. डोक्यावर छत्रीची सावली होती, पण ऊन खालून येत होतं. जमिनीवरून उसळून तोंडावर, भिंतीवर आपटून पाठीवर. छत्रीच्या आतल्या बाजूला उजेड पडला होता. ह्यांचा मोतीबिंदू अर्धा पिकलेला. त्यात तो लखलखाट म्हणजे डोळ्यांत सुया टोचल्यासारखं. मलाही भोवळ आल्यासारखं झालं.

घरातही तीच तऱ्हा. आमच्या पुढच्या खोलीत दुपारी छतावर एवढा उजेड, की दिवा लावलाय असं वाटावं. दार लावून घ्यावं तर उकाडा, उघडं ठेवावं तर चौकातली धग आत. पंखा ती फिरवून फिरवून आम्हालाच वाढायचा.

मी म्हटलं, "अहो, हा रंग काही खरा नाही." झालं! बंदूक निघाली. चौकात रोखली, आकडा माझ्या नाकासमोर धरला. "बघ. जमीन गार आहे की नाही?"

"जमीन गार असू दे, तुम्ही तापलाय त्याचं काय?"

"ते वय आहे माझं. रंगाचा काय संबंध?"

असा हा माणूस. मोजलेलं खरं, अंगाला लागलेलं खोटं. आणि मग सुरू झाली कारणं. आज पाय दुखतोय. आज पोट बरं नाही. आज बातम्या बघायच्यात. बाहेर ऊन सोसत नाही, हे मात्र एकदाही नाही, कारण ते म्हटलं तर चुकलो म्हणावं लागेल. चालणं थांबलं. काठी कोपऱ्यात गेली, घरातल्या घरात बाथरूमला जायला पुन्हा वॉकर आला. फिजिओथेरपीवाली मुलगी आली, तिने गुडघा वाकवून बघितला, पुन्हा वाकवून बघितला, आणि म्हणाली, "काकू, पुन्हा आखडलाय." महिने चालले होते हातातून, आणि हा माणूस बंदूक घेऊन जमिनीचा ताप मोजत बसला होता.

भांडून उपयोग नव्हता, हे मलासुद्धा कळलं. एका दुपारी चहा देताना मी सहज म्हणावं तसं म्हटलं, "आपलं लग्न झालं तेव्हा तुम्ही मला समुद्रावर न्यायचात, आठवतं?" रत्नागिरीत दोन किनारे. मांडवीला वाळू काळी, म्हणून त्याला आम्ही काळा समुद्र म्हणतो. मिऱ्याच्या बाजूला वाळू पांढरी, तो पांढरा समुद्र. ह्यांना रविवारची सुट्टी, आणि सासरी बाकी कुठली मोकळीक नाही, म्हणून आम्ही भर उन्हात जायचो. "काळ्या समुद्रावर पाय पोळायचे म्हणून तुम्ही पाण्याकडे पळत सुटायचात, मला मागे टाकून. आणि पांढऱ्यावर पायाला काही नाही, पण घरी आल्यावर माझं तोंड भाजलेलं. सासूबाई विचारायच्या, पदर घेतला नव्हतास का. पदर होता हो डोक्यावर. तो काय करणार, खालून आलेल्या उन्हाला?"

हे कपबशी हातात धरून बसून राहिले. चहा निवला. ह्यांचं असं गप्प बसणं म्हणजे पटलेलं असतं, पण सही करणार नाहीत.

मला हवा होता मांडव. गावाकडे दिवाळीनंतर घरापुढच्या खळ्यात पोफळीचे वासे रोवतात, वर माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप टाकतात, आणि मिरग लागायच्या आधी तो उतरवतात. माझ्या माहेरी अख्खा उन्हाळा त्याच्याखाली जायचा. सावली गडद नाही, हवा खेळती. चौकात तसा मांडव घातला तर रंग पांढरा राहिला काय आणि हिरवा झाला काय. पायाला चटका नाही, तोंडावर झळ नाही. मी वर गेले चेअरमनकडे.

ते म्हणाले, "वहिनी, आत्ताच खर्च करून चौक एवढा सुंदर केलाय, त्यावर झावळ्या घालायच्या? शोभा काय राहिली? आणि हा रंग साहेबांनीच सांगितलेला. त्यांची काही तक्रार असेल तर त्यांनी सांगावं."

ह्यांनी सांगावं! ह्यांनी सांगितलं असतं तर मी जिना कशाला चढले असते?

त्यात दुसरी आघाडी उघडली बायकांची. आंब्याचे दिवस. पांढऱ्या चौकात आंबापोळी वरून आणि खालून, दोन्ही अंगांनी वाळत होती. चेअरमनच्या बायकोने ताटं मांडलेली, समोरच्या भाभींची कोकमं पसरलेली. असा कडकडीत उन्हाचा चौक त्यांना आयुष्यात मिळाला नव्हता, त्या कशाला सावली मागतील? मी भाभींच्या दारात जाऊन फडाफडा बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, मला पाणी दिलं, आणि म्हणाल्या (ह्यांना त्या भाई म्हणतात), "वहिनी, अर्धा चौक घ्या ना. अर्धं ऊन मला ठेवा, अर्धी सावली भाईंना. झाप मी माझ्या माहेराहून आणवते, खाडीला आमचे माड आहेत." एवढं सोपं होतं ते. मला लाजच वाटली, भांडायची सगळी तयारी करून गेले होते मी.

पण चेअरमन अडून बसले: मीटिंग घ्या, मग ठरवू. मीटिंग नेहमी संध्याकाळी चौकातच होते. मी म्हटलं, संध्याकाळी मला घरातून निघता येत नाही. रविवारी दुपारी घ्या, चौकातच. ते लगेच हो म्हणाले. बिचारे दुपारी कधी खाली उतरलेलेच नव्हते!

रविवारी खुर्च्या मांडल्या. काय ते दृश्य! सगळ्यांचे डोळे बारीक, कपाळाला आडवे हात, कुणी टॉवेल घेतलाय, कुणी खुर्ची सरकवत सरकवत भिंतीकडे, तर भिंतीपाशी जास्तच धग. मला वाटलं, आता बोलायचीसुद्धा गरज नाही. पण चेअरमन चष्मा पुसत पुसत म्हणाले, "हे पाहा, एरवी दुपारी कोण येतं इथे? कुणीच नाही. ज्याला फिरायचं त्याने संध्याकाळी फिरावं. एका माणसासाठी सगळ्यांनी..."

मग मात्र माझा ताबा सुटला. काय काय बोलले ते आता नीट आठवत नाही. आवाज फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जात होता, असं नंतर कळलं. संध्याकाळी का नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. तुम्ही सगळे बघता म्हणून, हे शब्द जिभेवर आले होते. ते तसेच गिळले. चारचौघांत ह्यांची लाज मी उघडी करणार नव्हते. ते गिळल्यामुळे उरलेलं आणखी जोरात ओरडले. "महिने चाललेत त्यांचे! पाय जाईल त्यांचा! तुमची शोभा तुम्ही ठेवा उशाखाली!"

आणि एकदम लक्षात आलं, माझ्याकडे कुणीच बघत नाहीये. सगळे माझ्या मागे बघतायत.

मी वळले. हे दारातून निघाले होते. वॉकर उंबऱ्याशी सोडलेला, उजव्या हातात काठी. भर चौकात, सगळ्या बिऱ्हाडांसमोर, तो डावा पाय अर्धगोल फिरवत, टाकत, पुन्हा फिरवत. कुणी उठलं नाही. भाभींनी पदर तोंडाला लावला. हे वाटेत डुगडुगले, थांबले; मी पुन्हा चेअरमनवर तोंड सोडलं, तसे पुन्हा निघाले. येऊन काठी सोडली आणि चेअरमनच्या खुर्चीची पाठ घट्ट पकडली.

"रंग मीच लावायला सांगितला," हे म्हणाले. घाम निथळत होता, पण आवाज साइटवरचा. "चुकलो. गच्चीवरून ऊन उसळतं ते आभाळात जातं, तिथे कुणी नसतं. इथे चार भिंती आहेत आणि मधे माणूस आहे. जमीन गार झाली, माणूस भाजला. मी मोजलं ते जमिनीचं मोजलं. मांडव घाला."

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांच्या तोंडून चुकलो हा शब्द मी ऐकला नव्हता. तोही मला नाही, अख्ख्या सोसायटीला! चेअरमन उठून उभे राहिले, आपली खुर्ची ह्यांना दिली, आणि मीटिंग तिथेच संपली.

मी जवळ गेले, पदराने तोंड पुसलं ह्यांचं. बघते तर डोळे गच्च मिटलेले.

"अहो, डोळे उघडा. त्रास होतोय का?"

"उघडतायत कुठे," हे हळूच म्हणाले. "दारातून निघालो तेव्हापासून मिटलेलेच आहेत."

"मग इथवर आलात कसे?"

"तू भांडत होतीस ना. त्या आवाजावर आलो."

मी तिथेच, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडले. लाज वगैरे काही वाटली नाही.

मांडव अर्ध्या चौकात घातला, आमच्या दारापासून फाटकापर्यंत. दुसऱ्या अर्ध्यात आंबापोळ्या आणि कोकमं. मिरगाआधी तो उतरवला, दिवाळीनंतर पुन्हा घातला. पाय पहिल्यासारखा झालेला नाही, होणारही नाही, असं ती मुलगी स्पष्ट सांगते. पण वॉकर माळ्यावर गेला. आता दुपारी मांडवात दुसरीही माणसं येऊन बसतात, चेअरमनसुद्धा पेपर घेऊन येतात, आणि हे त्यांच्यासमोरून पाय फिरवत फाटकाला हात लावायला जातात.

मी दारात कोकमं सोलत नाहीतर तांदूळ निवडत बसलेली असते. कधी डुलकी लागते, तोंड बंद होतं. की लगेच काठीचा आवाज थांबतो.

"अगो, गप्प का? भांड की कुणाशी तरी."

कुणी नसलं तर मी ह्यांच्याशीच भांडते, आणि फेरी पुरी होते.